नेपाळमधल्या एका संस्थेचं जुनं दप्तर लावायला तीन महिने जायचंय, कशी तयारी करू?

पानवेल

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. एम.लिब. झालंय, एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटी कामाला आहे, आणि डिसेंबरात ते कंत्राट संपतंय.

काठमांडूजवळ पाटणला (ललितपूर) एक छोटी धर्मादाय संस्था आहे. डोंगरातल्या जिल्ह्यांमधून आलेल्या मुलांच्या शाळेचा आणि वसतिगृहाचा खर्च ती करते. माझ्या आतेबहिणीची तिथे ओळख आहे. त्यांना जुने कागद लावून द्यायला कोणीतरी हवंय. राहायची-जेवायची सोय ते करणार, पगार नाही. फोटो पाठवलेत. जिन्याखालची खोली, तांदळाच्या पोत्यांत कोंबलेले कागद, एकूण त्रेचाळीस पोती, शिवाय दोन लोखंडी कपाटं. कागद साधारण तीस वर्षांचे आहेत.

पुस्तकांचं वर्गीकरण मला येतं, पण कागदांना तसे वर्गांक कुठे असतात? ते कसं लावायचं? दुसरं म्हणजे संस्थेचं म्हणणं आहे की तीन महिन्यांत सगळं स्कॅन करून मूळ कागद काढून टाकावेत, खोली मोकळी हवीय. मी इथून स्कॅनर घेऊन जाऊ का? व्हिसा, पैसे वगैरेचंही कोणी सांगितलं तर बरं होईल.

घरी सगळे म्हणतात, रद्दी आवरायला परदेशात कशाला जायचं? मला जावंसं वाटतंय. जाऊ ना?

खंबाटकी

व्हिसाचं सांगतो. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असशील तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेव, नुसत्या आधारवर विसंबू नकोस. संस्थेकडून त्यांच्या लेटरहेडवर पत्र मागून घे: काम काय, किती दिवस, राहायचं कुठे. सीमेवर किंवा कुठेही कोणी विचारलं तर तेच दाखवायचं.

पैशांचा दर ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. मोठ्या भारतीय नोटांचे तिथले नियम बदलत असतात, त्यामुळे शंभराच्या नोटा ने. रेल्वेने गेलीस तर पुण्याहून गोरखपूर, तिथून सोनौली, सीमा चालत ओलांडायची आणि पलीकडून काठमांडूची बस. दमायला होतं, पण खर्च बराच कमी.

एक काळजी घे. मुलांच्या संस्थांबद्दल नेपाळमध्ये वाईट प्रकारही झालेत. आईबाप जिवंत असलेली मुलं कागदोपत्री अनाथ दाखवून बालगृहात ठेवायची आणि परदेशी पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे, हे तिथे बरंच चाललं. तुझी ओळख घरातली आहे म्हणून बरं, तरी संस्थेची नोंदणी आणि समाज कल्याण परिषदेशी आबद्धता (संलग्नतेला तिकडे हाच शब्द आहे) बघून घे. स्वयंसेवकाकडूनच फी मागणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहा.

जुनं दप्तर

पानवेल, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण मोठा प्रश्न तोच आहे. ‘स्कॅन करून मूळ कागद काढून टाकायचे’ या बोलीवर जाऊ नकोस. निघायच्या आधी त्यांच्याशी बोल आणि लेखी घे की तू एकही कागद टाकणार नाहीस. काय टाकायचं ते त्यांची समिती ठरवेल, आणि तेही यादी हातात आल्यावर. एवढं पक्कं झालं तर खुशाल जा, घरच्यांची समजूत पुढे निघते.

मी महसूल खात्यात होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची नऊ रेकॉर्डला. २०१८ ला अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात अशाच एका संस्थेत दहा आठवडे राहून आले, तेही काठमांडूच्या खोऱ्यातच. त्यांचाही मुलांच्या शिक्षणाचाच कारभार. तुझं वर्णन वाचलं आणि त्या खोलीचा वास नाकाशी आला. ओला गोणपाट, गंजलेल्या टाचण्या आणि डांबरगोळ्या.

तिथली पोती भूकंपाची होती. २५ एप्रिल २०१५ ला शनिवार होता, नेपाळात सुट्टी, म्हणून ऑफिसात कोणी नव्हतं. इमारतीला भेगा पडल्या. पुढचे धक्के थांबेनात, १२ मेला पुन्हा मोठा झाला. मधल्या दिवसांत पोरांनी आत शिरून हाताला लागेल तो कागद पोत्यात भरून बाहेर काढला. जिवावर उदार होऊन वाचवलेलं दप्तर होतं ते. म्हणून त्या पोत्यांना ‘रद्दी’ म्हणणारा माणूस मला आजही खपत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा आला, एकवीस वर्षांचा, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातला. लहानपणी याच संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेला. त्याला नागरिकता काढायची होती. तिथे नागरिकतेचं प्रमाणपत्र नसेल तर पासपोर्टसुद्धा मिळत नाही, आणि ते काढायला जन्मदर्ता (जन्माची नोंद) लागते, आईबापांपैकी एकाची नागरिकता लागते. याचं घर भूकंपात पडलेलं, कागद मातीखाली गेले, वडील आधीच वारलेले. वसतिगृहात घालताना वडिलांनी दोन्हींच्या नकला इथे दिल्या होत्या हे त्याला आठवत होतं. तो त्यासाठी आला होता.

त्याची फाइल नव्हती. काही वर्षांपूर्वी एक परदेशी स्वयंसेवक येऊन गेली होती. तिने मन लावून मुलांच्या दहा वर्षांच्या फायली स्कॅन केल्या आणि जागा होईना म्हणून कागद रद्दीत दिले. उरली एक हार्ड डिस्क. त्यात नुसते आकड्यांचे फोल्डर, एकावर नाव नाही, अर्धे उघडतच नव्हते. आम्ही दोघी-तिघी दोन दिवस एकेक चित्र बघत बसलो. तो बाहेर बाकावर बसून होता. सापडलं नाही.

मग मी आवकाची वही शोधली. तिकडे आवकाला दर्ता म्हणतात आणि जावकाला चलानी. मी पहिल्या आठवड्यात कशालाही हात न लावता फक्त ‘कुठल्या पोत्यात काय’ एवढी यादी केली होती, त्यामुळे २०६३ सालचं (त्यांच्या विक्रम संवतातलं, म्हणजे आपलं २००६-०७) दर्ता किताब सातव्या पोत्यात आहे हे माहीत होतं. लांबलचक वही, कापडी बांधणीची. स्कॅनरच्या काचेवर मावली नाही म्हणून ती वाचली होती. पान उलटत गेले. निळ्या शाईत एक ओळ: गाविस कार्यालयाचं पत्र, त्यांचा चलानी नंबर, तारीख, विषय सिफारिस, आणि पुढे या पोराचं नाव. म्हणजे त्याच्या गावच्या कार्यालयाने त्याच्याबद्दल पत्र दिलं होतं, आणि त्यांच्याकडच्या चलानी वहीत तोच नंबर असणार.

गाविस म्हणजे गाव विकास समिती. त्या २०१७ ला मोडल्या, देशभर ७५३ नव्या पालिका झाल्या आणि जुन्या गाविसचं दप्तर बहुतेक ठिकाणी नव्या वॉर्ड कार्यालयाकडे गेलं. संस्थेतल्या दीदींनी त्याला हे नीट समजावलं. त्याने पानाचा फोटो काढला, तरी नंबर तळहातावरही लिहून घेतला आणि दुपारच्या बसने गेला. पुढे दीदींचा निरोप आला की वॉर्डात नोंद मिळाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सर्जमिन (आपल्याकडच्या पंचनाम्यासारखं) करावं लागलंच, पण अर्ज पुढे सरकला.

म्हणून सांगते, तू तिथे यादी करायला जा. चांगली यादी झाली की खोली आपोआप मोकळी होते.

वर्गीकरणाचं विचारलंस. पुस्तक विषयाने लावतात. कागद ज्याने ज्या कामासाठी तयार केला त्या कामाने लावायचा, आणि ज्या क्रमाने तो फायलीत होता तो क्रम मोडायचा नाही. हिशेबाच्या माणसाची फाइल हिशेबात, वसतिगृहाच्या वॉर्डनची वसतिगृहात. ‘पत्रं एकीकडे, बिलं दुसरीकडे’ असं सॉर्टिंग करायला लागलीस की तू तुझ्या ग्रंथालयात शिरलीस, तिथेच थांब. पोतं उघडलं की आधी पोत्याला नंबर, मग आतल्या गठ्ठ्याला नंबर. पोत्यात सुतळीने बांधलेला गठ्ठा सापडला तर सोडायची घाई करू नकोस, कोणीतरी काहीतरी विचार करूनच तो बांधलेला असतो.

आपल्या सरकारी ‘अ, ब, क, ड’ ची सवय मला होती. ‘अ’ कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘ड’ एक वर्षाने नष्ट. ती मोजपट्टी तिथे जशीच्या तशी लावू नये, त्यांचे कायदे त्यांचे. पण कायम काय ठेवायचं हे कुठेही फारसं बदलत नाही. संस्थेचं विधान (घटनेला ते विधान म्हणतात), नोंदणी आणि दरवर्षीच्या नवीकरणाचे कागद, समितीच्या बैठकांचं माइन्युट, जागेची लालपुर्जा (मालकीचा कागद), लेखापरीक्षणाचे अहवाल, दर्ता-चलानीच्या सगळ्या वह्या आणि प्रत्येक मुलाची फाइल. बाकी बिलं-भौचर किती वर्षं ठेवायची ते त्यांच्या लेखापरीक्षकाला विचारून समितीने लिहून ठरवावं. कागद नष्ट करण्याला तिकडे ‘धुल्याउने’ म्हणतात, धूळ करणे. शब्द ऐकूनच माझा हात आखडला होता.

लिपी आपलीच असल्याने वाचता पटापट येतं, आणि घात तिथेच होतो. पहिल्या आठवड्यातल्या माझ्या दोन मोठ्या चुका सांगते. एक, ‘भर्पाई’ लिहिलेले सगळे कागद मी भूकंपाच्या नुकसानभरपाईत टाकले. भर्पाई म्हणजे पैसे मिळाल्याची सही केलेली पावती. मुलांना दिलेल्या शिष्यवृत्तीच्या पावत्या होत्या त्या, काही ठिकाणी सहीच्या जागी आईचं ल्याप्चे, म्हणजे अंगठा. दोनशेच्या वर कागद परत जागेवर लावले. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण हे हिंदीमुळे कळतं, पण असे शब्द जागोजाग आहेत. वहीच्या मागच्या पानावर शब्दांची यादी करत जा आणि रोज संध्याकाळी तिथल्या कोणाकडून तरी तपासून घे.

दुसरी चूक तारखांची. तिकडे सगळं विक्रम संवतात. मला कोणीतरी सांगितलं, ५७ वजा कर. केलं. पण त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला वैशाखात सुरू होतं, तेव्हा पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा आणि तिथून चैत्र संपेपर्यंत ५६. माझ्या यादीत माघ, फागुन, चैतचे सगळे कागद वर्षभर मागे गेले. परत सगळं तपासलं. तू तो घोळ घालूच नकोस. यादीत त्यांची मिती जशी आहे तशी लिही, इंग्रजी साल पुढच्या रकान्यात. यादी त्यांना वापरायची आहे. हिशेबाचं वर्षही वेगळं, साउन ते असार, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यापासून. म्हणून फायलीवर ‘२०७१/७२’ असं दिसेल.

हाताच्या कामात घाई करू नकोस. गंजलेली पिन ओढून काढली की कागद फाटतोच. पातळ प्लॅस्टिकची पट्टी पिनेच्या पायांखाली सरकवायची, पाय तिच्यावर उभे करायचे, मग उलटून वरून सोडवायची. रबर बँड वितळून चिकटलेले असतात, ते वाळले की भुगा होऊन आपसूक निघतात, ओल्यात ओढू नकोस. चिकटपट्टी लावून काहीही जोडायचं नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. आणि जुने फॅक्स! नव्वदच्या दशकात देणगीदारांचं बरंचसं बोलणं फॅक्सवर चालायचं. तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापलेला असतो, अक्षर उडत जातं. मी एक उचलला, त्यावर फक्त वरची तारीख आणि खाली पेनने केलेली सही उरली होती, मधलं पान कोरं. ज्यांचं अजून वाचता येतंय त्यांच्या झेरॉक्स आधी काढ. स्कॅनिंगचा पहिला मान त्यांचा.

स्कॅनरचा हिशेब तूच करून बघ. एका पोत्यात चार हजार कागद धरले तर त्रेचाळीस पोत्यांत पावणेदोन लाखांच्या जवळ जातं. मिनिटाला एक पान म्हटलं आणि दिवसाला सहा तास, तरी पावणेपाचशे दिवस. तुझ्याकडे नव्वद आहेत.

पानवेल

काकू, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा आईला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या मुलाचं ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, लोकरीचं काय काय लागेल ते बघू.

आज संस्थेच्या मॅडमशी फोनवर बोलले. काहीही न टाकण्याचं त्यांनी मान्य केलं, उलट बरं वाटलं म्हणाल्या. खोलीचं मात्र खरंच अडलंय, तिथे त्यांना मुलांची पुस्तकं ठेवायचीत. मी म्हटलं, पोती उतरवून खोकी केली की जागा निम्मी लागेल. बरोबर ना?

अजून एक विचारायचंय. मुलांच्या फायलींमध्ये आजारपणं, घरची भांडणं, कोणाचे वडील तुरुंगात असं बरंच काही असणार. मी बाहेरची. हे मी वाचावं का?

ऐलपैल

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते आणि इथल्या एका धर्मादाय संस्थेत दर गुरुवारी त्यांच्या जुन्या केस फायली लावते, म्हणून या शेवटच्या प्रश्नावर लिहिते. इथे मला पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही करायला लावली आणि सांगितलं की फाइल कुणाची, कधीपासून कधीपर्यंतची एवढं कळेल तेवढंच वाचायचं. यादीत नाव आणि वर्ष जातं, मजकूर जात नाही. तीन वर्षांत मला ही शिस्त फार मोलाची वाटली आहे. फाइल बंद करताना मनातही बंद करायची.

ज्याच्याबद्दल कागद आहे त्याला तो मागायचा हक्क असतो. इथे कोणी आपली माहिती मागितली तर साधारण एक महिन्यात द्यावी लागते. साठीतली माणसं येतात, लहानपणी आपल्याला इथे कोणी आणलं होतं हे विचारत. नेपाळमध्येही वैयक्तिक गोपनीयतेचा कायदा २०१८ पासून आहे. तू संस्थेला सुचव की मुलांच्या फायलींचं कपाट वेगळं, किल्ली दोघींकडेच, आणि कोणी फाइल काढली तर वहीत सही. फोनवर त्या फायलींचे फोटो काढू नकोस, कितीही हृदयाला भिडलं तरी. समाजमाध्यमांवर तर नाहीच.

कोणी हे वाचून इंग्लंडला असं काम करायचं मनात आणत असेल तर, व्हिजिटर म्हणून आलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवसच स्वयंसेवा करता येते. जास्त राहायचं तर त्यासाठी वेगळा व्हिसा आहे.

जुनं दप्तर

ऐलपैल यांचं शब्द न् शब्द पाळ. मी एक भर घालते. मुलांच्या फायली लावायच्या दिवशी तिथलं कोणीतरी शेजारी बसवून घे, एकटीने करू नकोस. त्यांना पोरं चेहऱ्याने आठवतात. सारख्या नावाची दोन पोरं असतात, तामाङ आडनावाची तर दहा, तिथे तुझी यादी चुकेल आणि त्यांची चुकणार नाही. आणि फायलींना स्वतःचे नवे नंबर देऊ नकोस. वसतिगृहाच्या भर्ती रजिस्टरात प्रत्येक मुलाला नंबर असतो, तोच फाइलच्या पाठीवर घाल. तू परत आल्यावर पाच वर्षांनी कोणी आलं तर ते रजिस्टर उघडतील, तुझं एक्सेल उघडतीलच असं नाही. यादी छापून, शिवून, खोलीच्या दाराला आतून टांगून ये. मी तसं केलं होतं.

खोक्यांचं तुझं बरोबर आहे. मजबूत खोकी बघ, पण जमिनीवर ठेवू नकोस, भिंतीलाही टेकवू नकोस. विटांवर फळ्या टाकल्या तरी चालतं. जिन्याखाली ओल धरते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी येणारच, तेव्हा कोरड्या दिवसांत दार रोज उघडं ठेवायला सांग. बुरशीचे कागद दिसले तर वेगळे काढ, सावलीत वाऱ्यावर सुकव, मग उघड्यावर बसून मऊ ब्रशने झाड, तोंडाला चांगला मास्क लावून. उन्हात टाकू नकोस, शाई उडते.

जानेवारी ते मार्च जातेयस ते उत्तम. मी दसैं-तिहारात (त्यांचे दसरा-दिवाळी) सापडले, ऑफिस मिळून अडीच आठवडे बंद होतं. सण फार सुंदर असतात, पण कामाचे दिवस गेले. तेव्हा शनिवारी सुट्टी आणि रविवारी काम असायचं, ती सवय व्हायला वेळ लागला. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे कर.

इथून सुती नाडी ने, पांढरी, भरपूर, आणि पेन्सिली. पेनने कशावरही नंबर टाकायचा नाही. दोन रंगकामाचे मऊ ब्रश, पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मास्क. आणि आईला सांग, हातमोजे बोटांची टोकं उघडी राहतील असे विणायला. जानेवारीत त्या जिन्याखाली सकाळी अकरापर्यंत ऊन येणार नाही, आणि पूर्ण हातमोज्याने कागद सुटा होत नाही.